‘ताप डोक्यात गेला’ म्हणायची वेळ येण्याआधी: मेनिंजायटिसची सुरुवातीची लक्षणं कशी ओळखावीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात मूल तापात बरळायला लागलं की घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, ‘ताप डोक्यात गेला’. या वाक्यात निम्मं खरं आहे आणि निम्मं घातक. डोक्यात काहीतरी बिघडलं आहे, एवढं खरं. घातक अशासाठी की ऐकणाऱ्याला वाटतं, ताप वाढत वाढत वर चढला, तेव्हा तो उतरवला की डोकंही ठिकाणावर येईल. मग रात्रभर कपाळावर पट्ट्या बदलल्या जातात आणि मोलाचे तास निघून जातात.

प्रत्यक्षात बहुतेक वेळा जंतू नाका-घशातून रक्तात उतरतात आणि रक्तातून मेंदू व मज्जारज्जूवरच्या पातळ आवरणांपर्यंत पोचतात. तिथं सूज येते. ताप हा त्या सुजेचा सोबती आहे, कारण नव्हे. या आजाराला मेनिंजायटिस म्हणतात. मराठीत ‘मेंदूज्वर’ हा एकच शब्द यालाही वापरतात आणि डासांमुळे होणाऱ्या जपानी मेंदूज्वरालाही. दुसऱ्यात खुद्द मेंदूला सूज येते. घरच्या माणसाने हा फरक लावत बसू नये. दोन्हींत करायचं एकच, ताबडतोब रुग्णालय गाठायचं.

मेनिंजायटिसचे प्रकार बरेच आहेत, पण घरच्यांसाठी तीन पुरेत. विषाणूंमुळे होणारा बहुधा सौम्य असतो. जिवाणूंमुळे होणारा सर्वांत घाईचा, २४ तासांच्या आतही जीव घेऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या प्रकारात सहा रुग्णांमागे एक दगावतो आणि पाचांतल्या एकाला पुढे बहिरेपणा, फिट्स किंवा अपंगत्व अशी गंभीर दुखणी राहतात. तिसरा क्षयाचा, म्हणजे टीबीचा. तो दबकत, आठवड्याआठवड्याने येतो आणि म्हणूनच हुकतो. घरात बसून हे तिन्ही वेगळे ओळखता येत नाहीत. ‘व्हायरल असेल’ असं कुणीही, औषध दुकानदारानेही, नुसतं बघून सांगू नये.

आकडा आणि माणूस

थर्मामीटर हवाच. काख कोरडी करून, टोक नीट आत धरून, आवाज येईपर्यंत थांबा. पण १०४ ताप असलेलं, तरीही पाणी मागणारं आणि आईकडे बघून हसणारं मूल एका बाजूला, आणि १०० तापावर गळून पडलेलं, हाक मारली तरी नजर न देणारं मूल दुसऱ्या बाजूला असेल तर काळजी दुसऱ्याची करा.

यासाठी सोपी रीत अशी. ताप आला की पॅरासिटामॉल द्या, वेळ लिहा आणि तासाभराने मुलाला पुन्हा तपासा. त्या वेळी ताप थोडा उतरलेला असतो, आणि साध्या तापातलं मूल त्या तासाभरात जरा उमलतं. पाणी पितं, खेळण्याकडे हात करतं, निदान चिडून ‘नको’ तरी म्हणतं. ताप उतरूनही मूल तसंच मलूल राहिलं तर तोच इशारा समजा.

औषधाचं माप वजनावर असतं: किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत सहा तासांचं अंतर, २४ तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतं. बाटलीवर ‘५ मिलीत १२०’ असेल तर ते सुमारे ६ मिली होतं आणि ‘५ मिलीत २५०’ असेल तर ३ मिली. तान्ह्यांच्या थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे फक्त दीड मिली. गोंधळ इथेच होतो. सिरपच्या सवयीने थेंबांच्या बाटलीतून ६ मिली पाजलं तर चौपट औषध पोटात जातं. लहान मुलांना ॲस्पिरिन देऊच नका. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला घरच्या घरी तापाचं औषध देऊन वाट बघायची नसते. त्याचं पुढे येतं.

वहीचं कोरं पान घ्या आणि वेळा टिपत जा. ‘रात्री ९, ताप १०२, औषध ३ मिली. १०, ताप १००, डोळे उघडत नाही, पाणी नको. १०.१५, उलटी, खाल्लेलं सगळं बाहेर.’ तीन ओळींचं हे टिपण डॉक्टरांना अर्ध्या तासाच्या प्रश्नोत्तरांपेक्षा जास्त सांगतं. रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाला ‘कधीपासून?’ या प्रश्नाचं उत्तर आठवत नाही.

तान्हं बाळ: मान बघू नका, टाळू बघा

मान ताठणं ही मेनिंजायटिसची सगळ्यांना ठाऊक असलेली खूण, पण वर्षाच्या आतल्या बाळात ती बहुधा दिसतच नाही. ‘मान तर सैल आहे’ म्हणून निश्चिंत होणं ही तान्ह्या बाळाच्या बाबतीत नेहमी होणारी चूक.

बाळाच्या डोक्यावरची पुढची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत उघडी असते. आपल्याकडे रोज टाळू भरायची पद्धत असल्याने आजीला किंवा न्हाऊ घालणाऱ्या बाईला त्या बाळाच्या टाळूची जितकी ओळख असते, तितकी पहिल्यांदाच बाळ बघणाऱ्या डॉक्टरलाही नसते. त्यांना विचारा, ‘आज टाळू रोजच्यासारखी लागते का?’ तपासताना बाळ शांत असावं आणि मांडीवर उभं धरलेलं असावं, कारण रडताना किंवा आडवं असताना टाळू एरवीही वर येते. शांत, उभं बाळ असताना टाळू फुगलेली, ताणलेली लागली तर आत दाब वाढला असावा. खोल गेलेली टाळू वेगळं सांगते: जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं आहे. तेही तातडीचंच. मात्र टाळू फुगलेली नाही म्हणजे मेनिंजायटिस नाही, असा उलटा अर्थ काढू नका.

रडण्याकडे कान द्या. भुकेचं, दुखण्याचं, झोपेचं रडणं आई ओळखते. या आजारातलं रडणं चिरकं, उंच पट्टीतलं असतं, किंवा नुसतं कण्हणं असतं. आणखी एक विचित्र गोष्ट दिसते. एरवी उचललं की बाळ शांत होतं. इथं उचललं, हलवलं, लंगोट बदलताना पाय वर केले की ते जास्तच किंचाळतं आणि खाली ठेवलं की जरा गप्प होतं. पाय वर करताना पाठीच्या कण्याची आवरणं ताणली जातात, म्हणून. आईने हे दोनदा पाहिलं तर तिसऱ्यांदा खात्री करायला थांबू नये.

बाकीची लक्षणं: अंगावर न ओढणं किंवा दोन घोट घेऊन सोडून देणं, अंग कापडासारखं सैल पडणं किंवा उलट धनुष्यासारखं मागे ताणणं, एकटक नजर, दूध पिण्यासाठीही न उठणं, श्वास भरभर चालणं. दोन महिन्यांपर्यंतच्या बाळात मिनिटाला ६०, वर्षापर्यंत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका. मोजायचे ते पूर्ण मिनिटभर, बाळ शांत असताना.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा जास्त ताप आला तर दुसरं एकही लक्षण नसलं तरी त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय. या वयात काही वेळा ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं. पारा ९५.९ च्या खाली गेला आणि बाळ पीत नसेल तर तेही तितकंच गंभीर. ‘ताप नाही, उलट गार आहे’ हे ऐकून घरचे निर्धास्त होतात. तिथं फसगत होते.

मोठं मूल आणि मोठा माणूस

पुस्तकात तीन लक्षणं असतात: ताप, ताठ मान, बिघडलेली शुद्ध. नेदरलँड्समध्ये ६९६ मोठ्या माणसांच्या आजारांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात ही तिन्ही एकत्र फक्त ४४ टक्के रुग्णांत सापडली. मात्र डोकेदुखी धरून चार लक्षणं मोजली, तर ९५ टक्क्यांत त्यांतली किमान दोन होती. घरासाठी हाच धडा घ्यावा. ताप आणि भयंकर डोकेदुखी, किंवा ताप आणि गुंगी, अशी जोडी जमली की तिसऱ्याची वाट बघायची नाही.

मान तपासायची ती अशी. माणसाला सरळ उताणं झोपवा, उशी काढा. आधी त्याला स्वतःला हनुवटी छातीला लावायला सांगा, तोंड मिटून. जमलं नाही तर डोक्यामागे हात घालून हळूच पुढे वाकवून बघा. जोर लावू नका. पडून, अपघातात मार लागला असेल तर मानेला हातच लावू नका. उशी वाकडी झाल्याने मान धरते तेव्हा डावी-उजवीकडे वळवताना जास्त दुखतं, पण हनुवटी बहुधा छातीकडे जाते. मेनिंजायटिसमध्ये बाजूला वळते, पुढे वाकत नाही. वाकवताना माणूस आपसूक गुडघे पोटाशी घेतो, तेही लक्षात ठेवा. लहान मुलाला ही परीक्षा कळत नाही. त्याला मांडी घालून बसवा आणि म्हणा, ‘बेंबी कुठाय, बघ बघू’, नाहीतर ‘गुडघ्याची पापी घे’. नेहमी सहज करणारं मूल रडायला लागलं किंवा हात मागे टेकवून तिवईसारखं ताठ बसलं तर समजायचं.

जबडाही उघडत नसेल आणि अंगावर जखम असेल तर धनुर्वाताचा विचार होतो. तेही तातडीचंच, फक्त डॉक्टरांना जखमेबद्दल सांगा.

डोकेदुखी ‘आजवर अशी कधी नव्हती’ अशी. उजेड सहन होत नाही. मूल भिंतीकडे तोंड करून पडून राहतं, बल्ब लावला की ओरडतं. उलट्या होतात, पण जुलाब नाहीत आणि पोटाचं दुखणं फारसं नाही. गावात याला सरळ ‘पित्त’ म्हणून मोकळं होतात. पित्ताची उलटी झाली की माणसाला हलकं वाटतं. इथं उलटी होऊनही डोकं तसंच ठणकतं.

म्हातारी माणसं, मधुमेही, रोज दारू पिणारे यांच्यात ताप कमी आणि गोंधळ जास्त, असं चित्र दिसतं. काल बरे असलेले आजोबा आज सुनेला ओळखत नाहीत, उलटसुलट बोलतात. ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. म्हातारपणाचा विसराळूपणा एका रात्रीत येत नाही.

जुना वाहणारा कान हा या भागातला दुर्लक्षित दुवा. कानातला पू हाडातून आत, मेंदूच्या आवरणापर्यंत शिरू शकतो. कान वाहणाऱ्या मुलाला ताप, डोकेदुखी, चक्कर असेल तर लसणाचं कोमट तेल कानात ओतत बसू नका. तसंच मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागल्यावर नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्वच्छ स्राव गळत असेल, तर ती सर्दी समजू नये. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं आणि त्याच वाटेने जंतू आत जातात. अशा माणसाला महिन्यांनंतरही मेनिंजायटिस होतो.

हात-पाय गार, पाय दुखतात, रंग उतरला

मेनिंगोकॉकस या जिवाणूचा आजार सर्वांत वेगवान. त्यात रक्तातच विष पसरतं. ब्रिटनमध्ये अशा ४४८ मुलांच्या आजाराचा तासागणिक आढावा घेतला गेला आणि तो २००६ साली प्रसिद्ध झाला. पहिले चार ते सहा तास साध्या तापासारखेच होते. साधारण आठव्या तासापर्यंत पाय दुखणं, हात-पाय गार पडणं आणि त्वचेचा रंग बदलणं ही लक्षणं आली. ठरावीक पुरळ, ताठ मान आणि बिघडलेली शुद्ध तेराव्या तासानंतर. आणि मुलं रुग्णालयात पोचली ती सरासरी एकोणिसाव्या तासाला. म्हणजे मधे दहा-अकरा तास अंग सांगत होतं.

म्हणून तापलेल्या मुलाचे तळहात-तळपाय चाचपा. थंडी वाजून ताप चढताना हात-पाय थोडा वेळ गार पडतात, हे खरं. ताप चढून स्थिरावल्यावरही गारच असतील तर ते साधं नाही. छातीच्या मधल्या हाडावर बोट ठेवून पाच सेकंद दाबा आणि सोडा. पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा रंगायला हवा. तीनपेक्षा जास्त लागले तर रक्तपुरवठा कमी पडतो आहे. न पडता-धडपडता मूल ‘पाय दुखतात, उभं राहवत नाही’ म्हणत असेल तर ते तापाचं अंगदुखणं म्हणून टाळू नका.

पुरळ बघताना पारदर्शक काचेचा ग्लास कडेने ठिपक्यावर दाबा. ठिपका काचेतून फिका पडला नाही, तसाच लाल-जांभळा दिसत राहिला, तर त्वचेखाली रक्त झिरपलं आहे. सावळ्या अंगावर हे ठिपके लवकर दिसत नाहीत. तळहात, तळपाय, पोट, खालची पापणी खाली ओढून आतला भाग आणि तोंडातला वरचा भाग बॅटरी लावून बघा. डेंग्यूतही असे ठिपके येतात, पण ते ठरवणं प्रयोगशाळेचं काम. आणि ग्लासच्या परीक्षेवर फार विसंबू नका. आपल्याकडे न्यूमोकॉकस या दुसऱ्या जिवाणूचा मेनिंजायटिसही बराच होतो, त्यात पुरळ सहसा नसतंच. पुरळ दिसलं तर धावा. नाही दिसलं तर थांबा, असा नियम नाही.

दबकत येणारा: टीबीचा मेनिंजायटिस

यात पहिला आठवडा-दोन आठवडे काही ठोस दिसत नाही. संध्याकाळी बारीक ताप, भूक मेलेली, वजन उतरतं, खेळकर मूल कोपऱ्यात बसतं, शाळेत लक्ष नाही. मग डोकेदुखी, सकाळी उठल्या-उठल्या उलट्या. त्यानंतर डोळा तिरळा होणं, एकाचे दोन दिसणं, वागणं बदलणं, झोपाळूपणा. या टप्प्यावर ‘बाहेरचं लागलं’ म्हणून अंगारा, उतारा, देवऋषी यांत काही दिवस जातात. क्षयाच्या बाबतीत दिवस सुद्धा महाग पडतात. तिरळेपणा यायच्या आत औषध सुरू झालं तर मूल पुष्कळदा बरं होतं. बेशुद्धीपर्यंत गेल्यावर फार थोडी पूर्ण सावरतात.

घरात, शेजारात, ऊसतोडीच्या झोपड्यांत कुणाला खोकल्याचा टीबी होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. लपवलं तर निदान लांबतं. उपचार साधारण वर्षभर चालतो आणि सरकारी कार्यक्रमात औषधं फुकट मिळतात. दोन-तीन महिन्यांत मूल धावायला लागलं की गोळ्या बंद करण्याचा मोह होतो. तसं केलं तर आजार उलटतो.

खानापूरच्या कणकुंबी-जांबोटी पट्ट्यासाठी एक जोड. काजूच्या हंगामात गोव्यातल्या सत्तरी किंवा सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडे कामाला जाऊन आलेल्या माणसाला ताप आला तर ते डॉक्टरांना सांगा. तिथं २०१५-१६ च्या सुमारास माकडताप आढळला आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेलेला हा आजार गोचिडीमार्फत येतो. काही रुग्णांत ताप उतरून आठवडा-दोन आठवडे बरे जातात आणि मग तो तीव्र डोकेदुखी, ताठ मान घेऊन परततो.

निघताना

फिट आली तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूचं टोकदार सामान हलवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही नको. कांदा, चप्पल, किल्ल्यांचा जुडगा यांनी फिट थांबत नाही. ती आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला जातं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना निव्वळ तापामुळेही फिट येते; ती सहसा काही मिनिटांत संपते आणि तासाभरात मूल पूर्वपदावर येतं. तरी पहिली फिट डॉक्टरांना दाखवायचीच. पाच मिनिटांहून लांबलेली, पुन्हा आलेली, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आलेली, किंवा जिच्यानंतर तासाभरानेही मूल गुंगीतच राहिलं अशी फिट असेल, तर मेनिंजायटिस नाही असं डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घरी परतू नये.

१०८ ला फोन करताना सीमेवर एक अडचण येते. मोबाईल कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर धरतो आणि कॉल तिकडच्या केंद्रात जाऊ शकतो. म्हणून आधी राज्य, जिल्हा, तालुका, गाव आणि ठळक खूण, त्यानंतर आजार. पलीकडून कन्नड बोलणारी व्यक्ती असेल तर एवढी वाक्यं पाठ असू द्या: ‘मगुविगे तुंबा ज्वर इदे’ म्हणजे मुलाला खूप ताप आहे, ‘कुत्तिगे बग्गुत्तिल्ल’, मान वाकत नाही, ‘वांती आगुत्तिदे’, उलट्या होताहेत, ‘एच्चर इल्ल’, शुद्ध नाही, ‘फिट्स बंदिदे’, फिट आली आहे. जंगलपट्ट्यात रेंज कुठल्या वळणावर मिळते आणि रात्री कुणाची जीप निघते, हे पावसाळ्याआधीच ठरलेलं असावं. रुग्णवाहिकेला वेळ लागणार असेल तर खासगी गाडीने निघा आणि वाटेतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तालुका रुग्णालयात थांबून सांगा, ‘मेनिंजायटिसची शंका आहे’. पुढे पाठवण्याआधी तिथं अँटिबायोटिकची पहिली मात्रा देता येते आणि साखर तपासता येते. हा थांबा वेळ खात नाही, वेळ वाचवतो.

कुठे जायचं हे जिल्ह्याच्या हद्दीवरून ठरवू नका. बेळगाव शहरालगतच्या आणि खानापूरच्या लोकांना बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय किंवा केएलईचं प्रभाकर कोरे रुग्णालय सोयीचं. निपाणीहून मात्र कोल्हापूर जवळ पडतं, अथणीहून मिरज. कार्ड कुठल्या राज्याचं आणि योजना कुठली, हा हिशेब इंजेक्शन सुरू झाल्यावर करा.

बरोबर न्यायचं: वेळांची वही, आतापर्यंत दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि पाकिटं (रिकामीही), गावच्या डॉक्टरांची चिठ्ठी, बाळाचं तायी कार्ड (आई-बाळाच्या तपासण्या आणि लसींची नोंद असलेलं सरकारी कार्ड). गावात एखादं इंजेक्शन किंवा अँटिबायोटिकच्या दोन-तीन गोळ्या झाल्या असतील तर ते नक्की सांगा. अर्धवट औषधाने लक्षणं दबतात आणि पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत जंतू उगवत नाही. डॉक्टरांना हे ठाऊक नसेल तर अहवाल फसवतो. ‘रागावतील’ म्हणून हे झाकणारे पुष्कळ. गुंगीतल्या माणसाला वाटेत पाणी, चहा, साखर तोंडात घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवून न्या.

पाठीतलं पाणी

मेनिंजायटिसची खात्री करायला कमरेत सुई घालून मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं पाणी काढून तपासतात. सर्वांत जास्त नकार इथं येतो. ‘पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो’ ही भीती घट्ट बसली आहे. हे नीट समजून घ्या. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो. सुई त्याच्याही खाली, साधारण तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या फटीत जाते. तिथं नुसत्या नसांचे धागे पाण्यात तरंगतात. मोठ्या माणसाच्या अंगात असं पाणी सुमारे १५० मिली असतं, शरीर दिवसाला जवळपास ५०० मिली नवं तयार करतं आणि तपासणीला मोजके काही मिली पुरतात. नंतर दोन-चार दिवस डोकं किंवा कंबर दुखू शकते. भीती कशामुळे पसरली असेल तेही उघड आहे: ज्यांना उशिरा आणलं, ते आजारानेच लुळे झाले आणि दोष सुईला मिळाला.

कधी आधी सीटी स्कॅन करतात, कधी रक्तदाब कमी असल्याने पाणी काढणं लांबवतात. अशा वेळी अँटिबायोटिक मात्र थांबवत नाहीत. रक्ताचा नमुना घेऊन लगेच सुरू करतात. अनेकदा त्याच्या आधी किंवा बरोबर सूज कमी करणारं स्टिरॉइडही देतात. ‘पहिली मात्रा किती वाजता दिली?’ हा प्रश्न नातेवाइकांनी नम्रपणे विचारायला हरकत नाही. उपचार जंतूप्रमाणे साधारण सात ते चौदा दिवस, नवजात बाळात तीन आठवडेही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून सही करून घरी आणू नका.

घरातले बाकीचे, आणि लस

मेनिंगोकॉकसचं निदान झालं तर एका घरात राहणाऱ्या, एका अंथरुणावर झोपणाऱ्यांना प्रतिबंधक औषध लागतं, शक्यतो २४ तासांत. कुणाला कुठलं ते डॉक्टर ठरवतात; गरोदर बाई आणि लहान मुलांचं वेगळं असतं. शिंकण्या-खोकण्यातून, जवळच्या सहवासातून हा पसरतो, एका वर्गात नुसतं बसल्याने सहसा नाही. संसर्गानंतर दोन ते दहा दिवसांत आजार दिसतो, तेवढे दिवस घरच्यांनी तापाकडे लक्ष ठेवावं. न्यूमोकॉकस किंवा विषाणूच्या प्रकारात घरच्यांना हे औषध लागत नाही.

सरकारी लसीकरणात जन्मल्यावर बीसीजी (टीबीच्या मेनिंजायटिसपासून मुलाचं रक्षण मुख्यतः हीच करते), ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट, ज्यात हिब या जंतूची लस असते, आणि ६ व १४ आठवडे व ९ महिन्यांना न्यूमोकॉकसची पीसीव्ही मिळते. पीसीव्ही देशभर २०२१ पासून आली, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या मुलांना ती मिळाली असेलच असं नाही. मेनिंगोकॉकसची लस नेहमीच्या यादीत नाही. हजला जाणाऱ्यांना ती सक्तीची आहे. ऊसतोडीला, वीटभट्टीला गाव सोडणाऱ्या कुटुंबांचे १४ आठवड्यांचे आणि ९ महिन्यांचे डोस हमखास बुडतात. तायी कार्ड सोबत ठेवलं तर जिथं असाल तिथल्या अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात राहिलेला डोस घेता येतो.

आणि कान. बरं झालेल्या मुलाची श्रवणचाचणी घरी सोडल्यापासून चार आठवड्यांत करून घ्या, मूल ऐकतंय असं वाटत असलं तरी. एका कानाने ऐकणारं मूल घरात कुणालाही फसवू शकतं. टाळी वाजवली की ते वळतंच. लहान बाळाची चाचणी झोपेत, बेरा यंत्रावर होते. तिला उशीर चालत नाही, कारण काही मुलांत आतला कान हळूहळू हाडासारखा घट्ट होत जातो आणि मग कॉक्लिअर इम्प्लांट बसवणं अवघड होतं. रुग्णालयातून निघतानाच या चाचणीची तारीख कागदावर लिहून घ्या.